अकराव्या खुंटीची साक्ष

साहेब, तुम्ही एका मेलेल्या माणसाला पळपुटा ठरवलेत, आणि ठरवताना साक्षीदार म्हणून माझे नाव घातलेत. मला विचारले नाहीत. मला विचारता येत नाही म्हणूनच घातलेत. कागदावर तुमची सही आहे, सहीखाली गोल शिक्का आहे आणि मधल्या ओळीत लिहिले आहे, 'खुंटी क्रमांक अकरा रिकामी आढळली.' ती एक ओळ खरी आहे. तिच्या मागेपुढे जे काही आहे ते सगळे खोटे आहे, आणि हे तुम्हाला सही करतानाही ठाऊक होते.

मित्रांनो, दचकू नका. हे तुम्हाला बोलले नाही. तुम्ही शाळेची रांग करून मला बघायला येता, काचेला नाक लावता आणि बाईंचा ओरडा खाता. तुमच्यावर माझा राग नाही. मी एक जुनी लाकडी फळी आहे. साडेसहा फूट लांब, वीतभर रुंद, चोवीस खुंट्यांची. आज मी एका मोठ्या दालनात काचेच्या पेटीत असते. माझ्याखाली पितळी पाटी आहे. पाटीवरचे तुम्ही वाचलेच असेल. आता पाटीवर नसलेले ऐका.

माझा जन्म काही थाटामाटात झाला नाही. मी आधी जेवणघरातले बाक होते. कित्येक वर्षे माणसे माझ्यावर बसली, माझ्यावर सांडली, माझ्यावर चाकूने आपली नावे कोरून गेली. मग माझा पाय मोडला आणि मला सरपणात टाकायचे ठरले. लष्कराच्या एका तुकडीच्या सुताराने मला वाचवले. प्रेमाने वाचवले असे समजू नका. स्टोअरसाठी खुंट्यांची फळी हवी होती आणि नव्या लाकडासाठी अर्ज लिहायचा त्याला कंटाळा होता.

"तीन प्रतींत अर्ज करण्यापेक्षा बाक तासलेलं बरं," तो म्हणाला आणि रंधा घेऊन माझ्यावर बसला.

त्याने माझ्यावरची सगळी नावे तासून काढली. चोवीस भोके पाडली. कुऱ्हाडीच्या मोडक्या दांड्यांतून खुंट्या केल्या. अकराव्या भोकाशी माझ्या लाकडात गाठ होती. तिथे गिरमिट घसरले. सुताराने मला, गाठीला आणि गिरमिट विकणाऱ्याच्या खानदानाला मनसोक्त शिव्या घातल्या. ती खुंटी जराशी वर तोंड करून बसली ती कायमची.

मग मला स्टोअरच्या दाराजवळ भिंतीला ठोकले. स्टोअर म्हणजे पत्र्याच्या छपराची लांबट खोली. दोर, पट्टे, पाण्याच्या पिशव्या, बुटांचे खोके आणि रॉकेलचा वास. या खोलीचा कारभार एका माणसाकडे होता. त्याला सगळे कुलूपकाका म्हणत, कारण तो चहाच्या साखरेलासुद्धा कुलूप लावत असे. जाड भिंगांचा चष्मा, कमरेला किल्ल्यांचा जुडगा, आणि कुणी काही मागितले की पहिला शब्द "नाही."

या तुकडीतली माणसे साधे सैनिक नव्हती. जिथे आपले कुणी गेलेच नाही असे वरून सांगितले जाते, तिथे ती जात. पाच-सहा जण जात, काम करत आणि परत येत. त्यांच्या कामाची बातमी छापून येत नसे. बातमी आली तर काम फसले, असा त्यांचा हिशेब होता. निघताना अंगावर नावाची एकही वस्तू ठेवायची नाही. पत्र नाही, फोटो नाही, अंगठी नाही, कपड्यावर धोब्याची खूणही नाही. सगळे पेटीत. आणि सर्वांत शेवटी गळ्यातला बिल्ला. त्यावर नाव, क्रमांक आणि रक्ताचा गट कोरलेला असे. तो काढून ज्याचा त्याने माझ्या खुंटीवर अडकवायचा. परत आल्यावर पाणी पिण्याआधी, डॉक्टरकडे जाण्याआधी ज्याचा त्याने उचलायचा. दुसऱ्याच्या बिल्ल्याला हात लावायचा नाही.

ही त्यांची रीत होती. कुणी लिहून दिली नव्हती. बिल्ले अडकवायची वेळ आली की कुलूपकाका माझ्याकडे पाठ करून भिंतीकडे तोंड करत. परतीच्या वेळीही तसेच. मी त्यांना कारण विचारू शकले नाही, पण एकदा एका नव्या जवानाने विचारले.

"काका, पाठ का करता? बिल्लाच काढतोय, चड्डी नाही!"

"काढताना तुमची तोंडं बघितली की मला जेवण जात नाही," काका म्हणाले. "आणि तुमची तोंडं बघण्यासारखी नाहीतच."

खोलीत हसण्याचा गडगडाट झाला. त्या हसणाऱ्यांतले तीन जण पुढच्या चार वर्षांत परत आले नाहीत. त्यांचे बिल्ले माझ्यावर राहिले. अशा वेळी मोहिमेचा प्रमुख येई, बिल्ला खाली घेई आणि अंगणातल्या काळ्या दगडी भिंतीवर त्या माणसाचे नाव कोरले जाई. वर्षातून एकदा त्या भिंतीसमोर बिगूल वाजे, फुले वाहिली जात आणि घरची माणसे पहिल्या रांगेत बसत. त्यांना माणूस मिळत नसे. नाव मिळे. मित्रांनो, नाव मिळणे ही लहान गोष्ट नाही, हे मला तेव्हा समजत नव्हते.

मग मोठे साहेब बदलून आले. त्यांना स्वच्छता आवडे, रकाने आवडत. पहिल्याच आठवड्यात ते माझ्यासमोर कमरेवर हात ठेवून उभे राहिले.

"उत्तम! काय साधी आणि चोख पद्धत आहे," ते म्हणाले. एवढे कौतुक माझे कुणी केले नव्हते. मी फुगले. ओल्या हवेने फुगते त्याहून जास्त फुगले. दुसऱ्या दिवशी हुकूम निघाला. मोहीम परतली की कारकुनाने वही घेऊन यायचे, खुंट्या मोजायच्या आणि लिहायचे. बिल्ला आहे, तर माणूस आला नाही. बिल्ला नाही, तर माणूस आला. रीत त्यांची होती. साहेबांनी तिचा नियम केला. रीत मोडली तर माणूस ओशाळतो. नियम मोडला तर काय होते, ते पुढे येते.

आता मास्तरचे सांगते.

मास्तर काही मास्तर नव्हता. तो लोकांच्या बोलण्यातल्या चुका काढत असे म्हणून ते नाव पडले होते. गोळीबाराच्या सरावातसुद्धा "डावीकडून नव्हे रे, डाव्या अंगानं म्हण," असे सांगायचा. आईबाप लहानपणीच गेलेले. थोरल्या बहिणीने वाढवला. ती शिवणकाम करी, शाळेचे गणवेश शिवून देई. बिल्ला छातीवर खुळखुळू नये म्हणून तिने उरलेल्या निळ्या कापडाची छोटी पिशवी त्याला शिवून दिली होती. तुकडीतल्या सगळ्यांनी आधी त्याची टर उडवली आणि महिन्याभरात सगळ्यांनी तशीच पिशवी ताईंकडून मागवली. माझ्यावर तेव्हा निळ्या पिशव्यांची रांग लागे. शाळा सुटल्यावर दप्तरे टांगावीत तशी.

त्याचा जिवलग ढोल्या. ढोल्या म्हणजे काडी. वाऱ्याच्या दिवशी खिशात दगड ठेव, असे त्याला सगळे सांगत. मास्तर अकराव्या खुंटीवर बिल्ला अडकवे, ढोल्या बाराव्या. त्या दिवशी दुपारी चार वाजता सहा जण निघाले.

"तुझी खुंटी तिरकी आहे, म्हणून तुझं डोकं तिरकं चालतं," ढोल्या म्हणाला.

"तिरकी नव्हे. वर वळलेली," मास्तर म्हणाला. "ताईनं विचारलं तर सांग, जेवलो म्हणून."

"जेवलास कुठं?"

"म्हणूनच तू सांग."

आणि ते गेले. तेवढेच. मोठी वाक्ये कुणी बोलले नाही.

पाचव्या दिवशी सकाळी अकरा वाजता पाच जण आले. त्यांच्या चेहऱ्यांवर चिखल वाळून त्याला भेगा पडल्या होत्या. ढोल्याचा डावा हात गळ्यात बांधलेला होता आणि कोपराखाली कापड काळे झाले होते. एकाचे दोघांनी बखोट धरले होते. चौघांनी आपापले बिल्ले उचलले आणि त्यांतले तिघे डॉक्टरकडे गेले. चौथा, मोहिमेचा प्रमुख, साहेबांकडे गेला. ढोल्या उभा राहिला. कुलूपकाका रीतीप्रमाणे भिंतीकडे तोंड करून होते. त्यांनी पावले मोजली असावीत.

"पाचच?" ते भिंतीला विचारल्यासारखे बोलले. "मास्तर कुठाय?"

"राहिला."

"म्हणजे?"

"आम्हाला नाला ओलांडायचा होता, काका. ते बंदुका घेऊन मागं होते. मास्तर म्हणाला, तुम्ही व्हा पुढं, मी यांना जरा शिकवतो. तासभर शिकवत होता. तासभर! मग आवाज थांबला. मी उलटा गेलो. मानेत लागली होती. डोळे मी मिटले, या हातानं. पण आणायला जमलं नाही. एक जखमी बाकीच्यांच्या खांद्यावर होता, माझा हात असा. त्याला मी तिथं दगडांत ठेवला, काका. झाकलासुद्धा नाही नीट."

काकांच्या कमरेच्या किल्ल्या वाजल्या तेवढ्या.

ढोल्याने उजवा हात पुढे केला. बारावी खुंटी झाली. मग तोच हात अकराव्या खुंटीवर आला. निळ्या पिशवीवर त्याची बोटे थांबली.

काकांना पाठ वळवलेली असूनही कळले. "ए. त्याला हात लावू नकोस. ते प्रमुखाचं काम आहे."

"ताईंना सांगून गेलो होतो, तुमच्या भावाला परत आणीन. आणला नाही. हे तरी नेतो."

"ढोल्या, नियम आहे."

"काका, तुम्ही भिंतीकडंच बघा."

काकांनी भिंतीकडेच बघितले. ढोल्याने बिल्ला उचलून शर्टात टाकला. मग तो बुटांच्या खोक्यांवर कोसळला. काका त्याला खांद्याला धरून दवाखान्यात घेऊन गेले. घाईत दाराला कुलूप लावायचे विसरले. त्यांच्या आयुष्यात ते एकदाच विसरले.

दहा मिनिटांत कारकून वही घेऊन आला. खोलीत कुणी नव्हते. त्याने मोजले. एक ते चोवीस, सगळ्या खुंट्या रिकाम्या. त्याचा चेहरा उजळला. "सहाच्या सहा! वा रे पठ्ठे हो!" तो मलाच म्हणाला आणि त्याने सुंदर अक्षरात लिहिले, 'गेले सहा. परतले सहा.' तो वाईट माणूस नव्हता. शीळ घालत गेला.

दुपारी तोच कारकून परत आला तेव्हा त्याच्या तोंडचे पाणी पळाले होते. सोबत मोठे साहेब होते आणि मागून कुलूपकाका. प्रमुखाने साहेबांना खरे काय ते सांगितले होते. कारकुनाने वही उघडून पेन काढले.

"खोडू नका," साहेब म्हणाले.

"साहेब, पण पाचच आलेत. माझीच चूक झाली..."

"तुमची चूक नाही. अकरावी खुंटी रिकामी आहे ना?"

"आहे."

"नियम काय म्हणतो?"

"बिल्ला उचलला, म्हणजे माणूस परतला."

"मग परतला. परतून गेला कुठं, एवढंच आता शोधायचं."

कुलूपकाका पुढे आले. "साहेब, बिल्ला ढोल्यानं उचलला. बहिणीला द्यायला."

"तुम्ही उचलताना पाहिलंत?"

काका घुटमळले. "मी पाठ केली होती, साहेब."

"म्हणजे पाहिलं नाहीत." साहेबांनी वही मिटली. "चहा मागवा. साखर कमी."

मित्रांनो, असे का केले, तेही सांगते. आमचा एकही माणूस त्या बाजूला पाऊल टाकून आलेला नाही, असे मोठ्या कचेरीने दोनच दिवसांपूर्वी सगळ्या जगाला सांगितले होते. आणि एक माणूस तिथे दगडांत पडला होता. उद्या कुणाला तो सापडला तर? हुतात्मा म्हटले, तर कुठे मेला ते सांगावे लागते. पळपुटा म्हटले की प्रश्न मिटतो. तुकडी सोडून गेला, कुठे तडफडला ते आम्हाला ठाऊक नाही. जो माणूस एक तास एकटा उभा राहिला म्हणून पाच जण जगले, त्याला पळून गेलेला म्हणायला साहेबांना चहा गार होण्याइतकाही वेळ लागला नाही.

पाचही जणांकडून कागदावर सह्या घेतल्या. मोहिमेविषयी तोंड उघडणार नाही, अशा. ढोल्याला सांगितले, भिंतीवरच्या नावाचे काम चालू आहे, वेळ लागतो. त्याने विश्वास ठेवला. हात बरा होईस्तोवर तो रोज स्टोअरमध्ये येऊन बसे. बिल्ला ताईंना देऊन आल्याचे त्याने तिथेच काकांना सांगितले.

"रडल्या नाहीत, काका. मशीन चालू होतं. शिवण पुरी केली, सुई वर घेतली, दोरा तोडला. मग मशीनवर डोकं ठेवलं. म्हणाल्या, जेवून गेला होता का? मी म्हटलं, हो."

दोन महिन्यांनी ढोल्या पुन्हा निघाला. बारावी खुंटी भरली आणि भरलेलीच राहिली. त्याचे नाव पंधरा दिवसांत भिंतीवर आले, कारण तो जिथे मेला तिथे मरायला परवानगी होती. मास्तरचे काय झाले हे न कळताच तो गेला. यात त्याचे भले झाले की वाईट, मी सांगू शकत नाही.

त्यानंतरचे मी पुढे चौकशीत ऐकले. ताईंना पत्र गेले. 'आपला भाऊ कामावरून फरार आहे. आढळल्यास कळवावे.' पत्रामागून लष्करी पोलीस गेले. एकाच खोलीचे घर. त्यांनी कापडांचे गठ्ठे उचकटले, अर्धे शिवलेले गणवेश झटकले आणि मशीनच्या खणातून निळी पिशवी काढली. आत बिल्ला. झाले. माणूस परतला, बिल्ला उचलून घरी आला, याचा पुरावा त्यांना मिळाला. ढोल्याने मायेपोटी दिलेली वस्तू साहेबांना आयती सापडली.

चौकशी स्टोअरमध्येच झाली. मला भिंतीवरून उतरवून टेबलावर आडवे ठेवले. टेबलामागे मोठे साहेब, दोन्ही बाजूंना आणखी दोन साहेब, कोपऱ्यात वही घेऊन कारकून. समोर लोखंडी खुर्चीवर ताई. चाळिशीची बाई, बोटांना सुया टोचून टोचून घट्टे पडलेले. खिडकीबाहेर अंगणात त्याच दिवशी ढोल्याला मानवंदना द्यायची तयारी चालू होती. खुर्च्या मांडत होते. पहिल्या रांगेत ढोल्याची आई आधीच येऊन बसली होती, ठेवणीतले कपडे घालून, मांडीवर डबा घेऊन.

"बिल्ला तुमच्या घरात सापडला. कुठं लपवलाय त्याला?" साहेबांनी विचारले.

"पिशवी खणात होती. कात्री ठेवते तिथं. रोज बघत होते, लपवीन कशाला?"

"आम्ही भावाविषयी विचारतोय."

"तोच प्रश्न मी तुम्हाला विचारायला आले आहे, साहेब. कुठं ठेवलात त्याला? दगडांत पडलाय म्हणे. झाकलाय तरी का?"

डावीकडचे साहेब खोकले. मोठे साहेब शांत होते. "हे तुम्हाला कोणी सांगितलं? बिल्ला कोणी दिला?"

"ढोल्यानं. आज ज्याला तुम्ही फुलं वाहणार आहात, त्यानं."

"लिहून घेऊ?"

"घ्या की. खरं आहे ते."

साहेबांनी खिडकीकडे बोट केले. "मग हेही ऐका. त्यानं नियम मोडून दुसऱ्याचा बिल्ला नेला, आणि सही केलेली असताना मोहिमेची गोष्ट बाहेर फोडली. असं कागदावर आलं की त्याचं नाव भिंतीवर ठेवता येत नाही. छिन्नी लावून काढावं लागेल. ती बघा, त्याची आई बसली आहे. जाऊन तुम्ही सांगता, की मी सांगू?"

ताईंनी खिडकीतून पाहिले.  येताना त्या तिच्याच शेजारून आल्या होत्या. म्हातारीने हात धरून विचारलेले खिडकीतून माझ्याही कानावर आले होते, "तुझंही कुणी होतं का गं, पोरी? तुझं नाव कुठल्या ओळीत?"

"साहेब, तुम्हाला भाऊ आहे?" ताईंनी विचारले.

"विषय सोडू नका."

"मी काय मागते आहे, तेवढं तरी कळतंय का? माझा भाऊ मेला, असं लिहून द्या म्हणते. कुठली बहीण असं मागायला येते? तो जिवंत आहे असं तुम्ही म्हणताय आणि तो मेला असं मी म्हणतेय. उलटं असायला हवं होतं हो!"

"बिल्ला कोणी दिला? शेवटचं विचारतो."

बाहेर बिगूलवाला सूर लावून बघत होता. ताईंनी दोन्ही हात माझ्या कडेवर ठेवले.  

"खोडा ते," त्या म्हणाल्या.

"काय खोडायचं?"

"ढोल्याचं नाव. कोणी दिला ते मला आठवत नाही."

कारकुनाने ओळ खोडली आणि नवी लिहिली. 'बिल्ला घरी कसा आला याचा समाधानकारक खुलासा बहिणीस करता आला नाही.' त्याचे अक्षर तेव्हाही सुंदर होते.

शेवटी कुलूपकाकांना बोलावले. खुंटी रिकामी होती का? होती. तुम्ही कुणाला काही उचलताना पाहिलेत? नाही. दोन शब्द बोलून ते मोकळे झाले. त्यांची नोकरी संपायला सात महिने राहिले होते. संध्याकाळी मला परत भिंतीला ठोकताना ते पुटपुटले, "तू तरी बोलायचं होतंस." घ्या! मला तोंड नाही, काका. तुम्हाला होते, आणि तुम्ही त्याला आयुष्यातले सर्वांत पक्के कुलूप लावलेत.

पुढचे, कानावर आले तेवढे, थोडक्यात सांगते, कारण त्यात सांगण्यासारखे चांगले काही नाही. ताईंचे गणवेशाचे काम शाळेने काढून घेतले. मुलांच्या अंगावर पळपुट्याच्या घरचे टाके नकोत, असे कुणा पालकाचे म्हणणे पडले. दारावर कुणीतरी कोळशाने लिहून गेले. लष्करी पोलीस दरवर्षी एकदा येऊन पलंगाखाली वाकून बघत. पलंगाखाली! माणसाच्या हाडांचीसुद्धा एव्हाना माती झाली असेल.

आणि माझी भरभराट झाली. मोठ्या साहेबांना बढती मिळाली, त्यांनी हे दालन बांधून घेतले. मला इथे आणून पॉलिश केले, वर दिवा लावला. दालन दाखवणारा माणूस रोज तेच सांगतो, "मुलांनो, ही आपल्या वीरांची फळी. या खुंट्या कधी खोटं बोलल्या नाहीत." तुम्ही टाळ्या वाजवता. सुताराने अंगावरची नावे तासली तेव्हा मला इतके लागले नव्हते.

माझ्या पेटीसमोर खिडकी आहे आणि खिडकीतून ती काळी भिंत दिसते. मानवंदनेच्या दिवशी ताई येतात. त्यांना बोलावणे नसते. गर्दीत शिरून त्या भिंतीपाशी जातात, सगळ्या नावांच्या खाली वाकतात आणि कापडावर खुणा करायच्या चपट्या खडूने भावाचे नाव लिहितात. मग पहारेकरी ओले फडके घेऊन येतो. गेल्या वर्षी खिडकी उघडी होती, म्हणून बोलणे ऐकू आले.

"ताई, तुम्ही दरवर्षी लिहिता, मी दरवर्षी पुसतो. कंटाळा नाही येत?"

"तुला येतो का पुसायचा?"

"खरं सांगू? येतो."

"मग पुसू नकोस."

"नोकरी जाईल हो."

"जाईल. त्यात काय, माझं काम गेलंच ना. पण थांब, आधी वाच. वाचून मग पूस. तुझ्याइतकं त्याचं नाव कुणी वाचत नाही."

पहारेकऱ्याने वाचले. ओठ हलले त्याचे. मग फडके फिरवले. मोठे साहेब, तुम्ही चार पावलांवर उभे होतात. तुम्ही घड्याळ बघितलेत.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तूने शेवटी सांगायचे असते की आमची निगा राखा, आम्हाला जपा. मी तसे सांगणार नाही. मला खूप जपले आहे. माझ्यावर वाळवीचे औषध मारतात, धूळ बसू देत नाहीत. मला नका जपू. पुढच्या वेळी रांगेतून याल, तेव्हा तो माणूस खुंट्यांची गोष्ट सांगू लागला की टाळ्या वाजवू नका. हात वर करा आणि विचारा की अकराव्या खुंटीवरचा बिल्ला कोणी उचलला. बाई दटावतील. तरी विचारा. ही माणसे तुमच्यासाठी नाव काढून ठेवून जातात. त्यांचे नाव त्यांना परत मिळते की नाही, एवढे बघणे तुमच्याकडे लागते.

आणि साहेब, आता तुम्ही. ताई साठीला टेकल्या आहेत. वाकताना त्यांना भिंतीचा आधार घ्यावा लागतो. माझ्याकडून जी साक्ष घ्यायची ती तुम्ही माझ्या परवानगीवाचून घेतलीत, आता मी तुम्हाला विचारते. पाच जण त्या दारातून आत आले, मी त्यांचे बूट मोजले आहेत, दहा होते. सहावा आला असेल तर त्याला आणून बहिणीसमोर उभा करा. आला नसेल तर ढोल्याच्या नावाला धक्का न लावता त्याच्या शेजारी मास्तरचे नाव कोरा, चार बोटे जागा अजून आहे. यांतले एक तुम्हाला करावेच लागेल. कोणते करता, ते सांगा. माझ्याकडे बघून नको, तिच्याकडे बघून सांगा.